खिंडीतला गोटा

कारंज्याहून मानोऱ्याकडे जाणाऱ्या पहिल्या एसटीत मी चढले तेव्हा घरात सगळ्यांचा विरोध होता. मुलगा म्हणाला, "आई, सत्तावन्नाव्या वर्षी डोंगर? गुडघ्याचा एक्स-रे पाहिलास ना?" पाहिला होता. म्हणून तर निघाले. पुढच्या वर्षी तो आणखी वाईट निघाला असता. एकदा ठरवलं की मी नवऱ्याचंही ऐकत नाही, तिथे मुलाचं काय घेऊन बसलात!

काम आईचं होतं. आई ब्याऐंशीची, दोन वर्षांपासून माझ्याकडेच, खाटेवर. मानोरा तालुक्यातल्या एका डोंगराच्या अलीकडे तिचं सासर, पलीकडे माहेर. रस्ता नव्हता तेव्हा सासुरवाशिणी डोंगराच्या धारेवरून, खिंड ओलांडून माहेरी जात. त्यांची एक रीत होती. पायथ्याच्या नाल्यातून एक गोटा (हातात मावेल असा दगड) उचलायचा, खिंडीतल्या ढिगावर नेऊन ठेवायचा आणि मगच माहेरची वाट उतरायची. मध्ये तो कुठेही टेकवायचा नाही. टेकवला तर तिथेच टाकून, खाली जाऊन दुसरा आणायचा. त्या ढिगाला शेंदूर नाही, नाव नाही. सगळ्या जातींच्या बाया तिथे गोटे ठेवत. आमच्या बौद्ध घरात नवस-उपास कधी चालले नाहीत, आणि मी तर शाळेत विज्ञान शिकवते. पण दिवाळीपासून आईचं एकच चाललं होतं, "माह्या नावाचा एक गोटा ठेवून ये व बाई. मले आता जाणं होत नाई."

मानोऱ्याला उतरून गरम आलुबोंडा खाल्ला आणि काळीपिवळी जीपमध्ये बसले. गाडीवाल्याला माझा बेत पटेना. "डोंगरावर कायले जाता मॅडम? आता रस्ता झाला. वीस मिनटात पलीकडं सोडतो तुमाले."

"मला पायीच जायचंय."

"मंग चार वाजता पलीकडच्या फाट्यावर या. त्याच्यानंतर गाडी नाई, सांगून ठेवतो."

गावात शेळ्या चारणारी गोदाबाई वाट दाखवायला तयार झाली. साठीची, काटक, पायात प्लास्टिकची चप्पल. माझे नवे बूट बघून ती तोंडाला पदर लावून हसली. नाल्यात घोट्याएवढं पाणी होतं. मी एक काळाभोर, गुळगुळीत गोटा उचलून पिशवीत घातला.

"एवढा मोठा? टोंगळे (गुडघे) काय म्हनतीन?"

"आईच्या नावाचा आहे. लहान कसा घेऊ?"

चढ सागाच्या झाडीतून सुरू झाला. वाळलेली पानं पायाखाली वाजत होती, वाळल्या गवताची कुसळं सलवारीत घुसून टोचत होती. शेळ्या पुढे, गोदाबाई मध्ये आणि धापा टाकत मी शेवटी. तासाभराने काळा खडक लागला. दोन पुरुष उंच, सरळ उभा, वर मुरमाची घसरण. गोदाबाई शेळीसारखी वर गेली सुद्धा. मी पहिल्या खोबणीत पाय घातला, पण पिशवी पोटाखाली येऊन अडकायला लागली. मी ती खांद्यावरून काढली, वरच्या कपारीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी अंग वर ओढलं.

"टेकवली व माय तुमी!" वरून गोदाबाई ओरडली.

"पिशवी टेकवली. गोटा नाही."

"पिशवीत गोटाच हाय ना? मंग?"

मी कपाळावर हात मारला. विज्ञानाच्या बाईलाही हा तर्क मान्य करावा लागला. गोदाबाईलाच माझी दया आली. "जाऊ द्या. इथं कोन पाहून राह्यलं? ठेवा समोर जाऊन."

खरंच कोण बघत होतं? घड्याळात साडेअकरा झाले होते, गुडघे ठणकत होते. पण घरी गेल्यावर आई पहिला प्रश्न काय विचारणार ते मला माहीत होतं. तिच्याशी मी आयुष्यात पुष्कळ भांडले आहे, खोटं मात्र बोललेले नाही. मी गोटा पिशवीतून काढून कपारीत ठेवून दिला.

"मी खाली जाऊन येते," मी म्हटलं.

"येड्या झाल्या काय? म्या नाई येत बाप्पा. म्या इथंच बसतो."

उतरताना गुडघ्यांनी जे काही म्हणायचं ते म्हणून घेतलं. मीही स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या. नाल्यावर पोचून तोंडावर पाणी मारलं आणि पहिल्यापेक्षा जरा मोठाच गोटा उचलला. हट्टच तो! या वेळी पिशवी पाठीवर घेऊन ओढणीने कमरेला करकचून बांधली. त्याच पानांतून, त्याच कुसळांतून पुन्हा वर. दर पन्नास पावलांवर थांबायचं, पण बसायचं नाही, कारण बसले की पिशवी टेकणार. झाडाला कपाळ टेकून उभ्याउभ्याच श्वास घेतला.

खडकाशी आले. गोदाबाई वरून एकेक खोबण सांगत होती, "डावा पाय घाला. तो नाई, तो दगड हालते." मुरमावर हात घसरून तळवा सोलला. शेवटचा हातभर चढ मी चक्क रांगत गेले. वर पोचल्यावर गोदाबाईने पाणी पाजलं आणि म्हणाली, "मास्तरीणबाई, लय जिद्दी हा तुमी." इतका आनंद मला आदर्श शिक्षिकेचा सत्कार झाला तेव्हाही झाला नव्हता.

तिथून अर्धा तास धारेवरची चाल. वाट जेमतेम दोन पावलं रुंद. एका बाजूला आईचं सासर, पिवळ्या फुलोऱ्यातली तूर. दुसऱ्या बाजूला माहेर, हरभऱ्याचे हिरवे तुकडे आणि लांबवर एक चमकणारा तलाव. वारा ओढणी ओढत होता. सोळा-सतरा वर्षांची आई इथून चालत गेली असेल, एकटी, अनवाणी, हे पहिल्यांदाच मला नीट कळलं.

ढीग मला वाटला तसा नव्हताच. गुडघाभर उंच, अर्धा गवतात बुडालेला. "आता पोरी गाडीवर जातात माहेरी," गोदाबाई म्हणाली, "कोन येते इथं?" आम्ही दोघींनी गवत उपटलं. ओढणीची गाठ सोडून मी गोटा थेट हाताने ढिगावर ठेवला. मग तिथेच बसून भाकरीबरोबर हिरव्या मिरचीचा ठेचा खाल्ला. सोललेल्या हाताला ठेचा लागला आणि डोळ्यांत पाणी आलं. तेवढं निमित्त पुरलं.

फाट्यावर सव्वाचार वाजता पोचले. गाडीवाला चिडला होता, पण थांबला होता.

घरी आले तेव्हा दिवेलागण झाली होती. आईच्या खाटेवर बसले. तिने विचारलंच, "मधात टेकवला तं नाई?"

मी सगळं सांगितलं. कपारीवरची पिशवी, गोदाबाईचं बोलणं, पुन्हा खाली जाणं, पुन्हा चढणं. शाबासकीची वाट पाहत होते. आई मात्र आढ्याकडे बघत होती.

"म्या टेकवला होता," ती हळूच म्हणाली. "तू पोटात होती. माय लय बिमार हाय म्हनून सांगावा आला. त्या खडकाजवळ चक्कर आली, म्या गोटा खाली ठेवला. खाली जायचा जीव नाई झाला. तोच उचलून नेला समोर. घरी पोचलो तं माय गेलती." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "कोनाले सांगतलं नाई आजलोक."

सत्तावन्न वर्षं! दगडाने माणूस मरत नाही, हे मी दरवर्षी चाळीस मुलांना समजावते. आईलाही लगेच समजावणार होते. पण तिचा चेहरा पाहिला आणि ते शब्द गिळले.

"आई," मी म्हटलं, "मी आज तो डोंगर दोनदा चढले. एकदा माझा, एकदा तुझा. तुझा राहिलेला चढ फिटला."

तिने बराच वेळ माझा सोललेला तळवा उलटसुलट करून पाहिला. मग भिंतीकडे सरकून मला जागा करून दिली.

"पाय वर घे," ती म्हणाली. "टोंगळे चेपून देतो."