थांबा क्रमांक चार

सकाळी आठ चाळीसला ती लाकडी पुलावरची पक्ष्यांची वाळलेली घाण पत्र्याने खरवडत होती. डोक्यावर टोपी, गळ्यात ओळखपत्र, त्यावर हुद्दा: मार्गदर्शक. खाडीकाठच्या या अभयारण्यात तिचा जन्म झाला तेव्हा ते अभयारण्य नव्हतं, नुसतं गाव होतं. ते हलवलं त्याला बत्तीस वर्षं झाली. घरातर्फे संमतीची सही थोरल्या भावाने केली. तेव्हापासून दोघांत शब्द नाही.

तिकीटवाल्याने नऊच्या तुकडीची यादी आणून दिली. सहाजण. तिसरं नाव भावाचं. ती पत्रा बाजूला ठेवून उभी राहिली. एवढ्या वर्षांनी येतोय म्हणजे बोलायलाच येतोय, असं तिने धरून टाकलं.

तो आला. केस पांढरे, सोबत मुलगा आणि सून. तिच्याकडे बघून त्याने मान हलवली, सगळे हलवतात तशी. सून बोलकी होती. सासरे डोंगराकडचे, त्यांना खारं वारं मानवत नाही, तरी हट्टाने आले, असं तिने चालता चालता सांगून टाकलं. म्हणजे घरी त्याने काही सांगितलेलंच नव्हतं.

तिने नेहमीसारखं चिखलातले पाणमांजराचे ठसे दाखवले, तिवरांची मुळं दाखवली. चौथा थांबा म्हणजे मूळ रहिवाशांचं घर, नमुना म्हणून राखलेलं. ते तिचंच. तिथे रोज ती आपल्या आईबापांना ‘हे लोक’ म्हणते. जीभ अडखळत नाही. वाऱ्यापायी दार पूर्वी ठेंगणं होतं, वाकल्याशिवाय आत जाता येत नसे. पाहुण्यांची डोकी फुटू नयेत म्हणून दुरुस्तीत चौकट हातभर वर घेतली. पाचजण ताठ मानेने आत गेले. तो वाकला. त्याच्यामागून तीही वाकली.

“बाबा, वाकलात कशाला? वर एवढी जागा आहे की.”

“वय झालं गं. आता न सांगता वाकतो माणूस.”

सगळे हसले. तो चुलीपाशी जाऊन उभा राहिला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, “कोण राहायचं इथे?”

कार्यालयाने पाठ करून घेतलेलं उत्तर होतं, एक मच्छीमार कुटुंब.

“दोघं भावंडं होती,” ती म्हणाली. “थोरला सही करून निघून गेला.”

“आणि धाकटी?”

“ती असते की इथेच. पाचपर्यंत. पुढे कुणालाच थांबू देत नाहीत.”

एका थांब्याला सात मिनिटं. तिने बारा दिली. तो भिंतीवरची काजळी बघत राहिला. ‘दादा’ एवढं म्हटलं असतं तरी सुनेला सगळं कळलं असतं. मग मुलाने स्वच्छतागृह कुठे म्हणून विचारलं, तिने हात करून दाखवलं.

फाटकाशी त्याने पाहुण्यांना देतात ती चालायची काठी परत केली. पाहुणे आभार मानतात. तो खाली बघून “येतो” म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला. गाडी वळणाआड जाईपर्यंत ती काठीवरचा चिखल पुसत होती.

उशीर का झाला, तिकीटवाल्याने विचारलं. भरतीमुळे, ती म्हणाली. आता तर ओहोटी आहे, तो म्हणाला. मग ओहोटीमुळे, असं सांगून तिने पुढची तुकडी घेतली.

पाचला तिने फाटकाला कुलूप लावलं आणि फळ्यावर वेळ बदलली. उद्या ओहोटी अकरा चाळीसला आहे. पहिली तुकडी नऊ पन्नासला निघेल.