रविवारची आंघोळ

आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, एक नियम आहे. सबळ कारणाशिवाय लागोपाठ तीन वेळा प्रभुभोजन चुकवलं की नाव यादीतून निघतं. प्रभुभोजन, म्हणजे भाकर-द्राक्षारसाचा विधी, महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं. नियम मला पाठ आहे, कारण माझा नवरा मंडळीचा कारभार बघणारा पंच असताना तोच तो उभा राहून वाचायचा. यादीत नाव नसलं की मतदान नाही. ते गेलं खड्ड्यात. पण दफनभूमीत जागाही मिळत नाही, आणि ते मात्र मला लागतं. नवऱ्याला पुरलं तेव्हा आम्ही खड्डा दोन हात जास्त खोल खणून घेतला होता, म्हणजे पुढे त्याच्या पेटीवर माझी पेटी बसेल. शहरात जागा कमी, आमच्यात असं करतात. ती वरची जागा माझी.

गेल्या वर्षी मी ते तीन रविवार चुकवले. का, ते सांगते. पंचांनी सांगितलेलं लोक ऐकतात, म्हणून माझी बाजू मीच लिहून ठेवते. शाळा चौथीपर्यंत झाली आहे, तेवढ्यात भागेल.

मी मुलीबरोबर महाळुंग्याला राहते. मुलगी कंपनीत आहे, तिची शिफ्ट फिरती. आमची खोली ज्या म्हातारीच्या चाळीत आहे ती गावातली जुनी बाई. जमीन कंपन्यांना गेली, राहिलेल्या तुकड्यावर दहा खोल्या बांधल्या, आणि मुलगे मोशीला फ्लॅटमध्ये गेले. म्हातारी इथंच राहिली. आम्ही आलो तेव्हा दर बुधवारी चार बायका माझ्याकडे प्रार्थनेला जमायच्या. तिसऱ्या बुधवारी ती दारात येऊन म्हणाली, "किरिस्तावीणबाई, हितं टाळ्याबिळ्या चालणार न्हाईत. ऱ्हायचं तर गप ऱ्हा." तिच्या ओट्यावर चहा मिळायचा, पण माझा कप वेगळा, खिडकीत पालथा घातलेला. मला ती आवडत नव्हती. आजही आवडत नाही. ती मरावी असंही कधी वाटलं नाही, एवढंच.

मग तिला झटका आला आणि डावी बाजू गेली. तोंड शाबूत राहिलं. मुलांनी दिवसभराची बाई ठेवली. त्या बाईची मुलं तळेगावला तिच्या आईकडे असतात आणि रविवारीच भेटतात, म्हणून तिची सुट्टी रविवारची. तिला बदलायला सांगितलं, तिने ऐकलं नाही. बरोबरच केलं. रविवारी सुनांनी यायचं ठरलं. पहिले दोन रविवार आल्या.

तिसऱ्या रविवारी मी पांढरी साडी नेसून, पुस्तक पिशवीत घालून बसथांब्याकडे निघाले होते. चिंचवडला जायला दोन बस बदलाव्या लागतात आणि आमची उपासना एकच, सकाळची. म्हातारीच्या दारावरून जाताना वास आला. मी बावीस वर्षं दवाखान्यात आया होते, तो वास मला लांबून कळतो. आत गेले. रात्रीपासून तशीच पडली होती. धाकटा मुलगा रात्री झोपायला येतो, तो पहाटेच निघून गेला होता.

"तू कशाला आलीस?" ती म्हणाली.

"बस चुकली," मी म्हणाले. तोवर चुकली नव्हती.

पदर खोचला, पाणी तापवलं, तिला एका कुशीवर घेतलं. कमरेखाली कातडी लाल झाली होती. अजून चार दिवस गेले असते तर जखम झाली असती, आणि ती जखम माणसाला नेते. पुसलं, पावडर लावली, कपडे बदलले, भाकरी दुधात कुस्करून भरवली. ती सगळा वेळ शिव्या देत होती. पाणी गरम, हात राठ, भाकरीत मीठ न्हाई. त्यानंतरच्या रविवारी मी साडी नेसून तिच्या दारात थांबले, आत पाहिलं, सून आलेली नव्हती, आणि परत साडी बदलायला घरी गेले. पुढे पांढरी साडी काढणंच सोडलं.

लहानपणी रविवारच्या वर्गात आम्हाला दोन आज्ञा पाठ करायला लावल्या होत्या. देवावर प्रीती आणि शेजाऱ्यावर प्रीती, बाकी सगळं त्यात आलं. न अडखळता म्हटलं म्हणून मला रंगीत पेन्सिल मिळाली. प्रीती म्हणजे पोटात काहीतरी गोड हलत असेल असं तेव्हा वाटायचं. दवाखान्यात गेल्यावर ते डोक्यातून गेलं. तिथं शौचाचं भांडं वेळेवर आलं की रोगी वाचला, उशिरा आलं की चादर गेली. माझ्या पोटात काय हलतं ते कुणी विचारत नव्हतं.

एका रविवारी थोरला मुलगा आला. दारातच उभा, हातात गाडीची किल्ली.

"मावशी, वाईट वाटून घेऊ नका. भावकी विचारते. तुम्ही आईवर पाणीबिणी शिंपडत नाही ना? प्रार्थना वगैरे?"

"शिंपडते की. बादलीभर. ढुंगणावर," मी म्हणाले. "तुला शिंपडायचं असेल तर हा घे तांब्या."

त्याचा फोन वाजला. निदान त्याने तो कानाला लावला.

म्हातारी आतून ओरडली, "आरं, ती कसली प्रार्थना करतीया! दोन शब्द धड बोलत न्हाई ती माज्याशी!"

महिन्याचा पहिला रविवार तिसऱ्यांदा चुकला आणि पंचांचं बोलावणं आलं. शनिवारी संध्याकाळी, चर्चच्या मागच्या खोलीत. पाच पंच आणि आमचे पाळक, म्हणजे धर्मगुरू. पाळक तरुण आहेत, मला आजी म्हणतात. त्यांनी खुर्ची पुढे केली.

"आजी, आम्हाला कळलं तुम्ही एका आजारी बाईची सेवा करता. ती बायबलचं वचन ऐकते का?"

"ती मालिका ऐकते."

"म्हणजे प्रभूकडे काही ओढ..."

"ओढ मिसरीची आहे. डॉक्टरने बंद केली आहे."

एक पंच हसले. अध्यक्ष हसले नाहीत. ते म्हणाले, "असं बघा बाई, वाट आहे. तुमची गैरहजेरी सुवार्ता सांगायची सेवा म्हणून लिहू. मग ती मोजली जात नाही. तुम्ही फक्त एवढंच सांगा की त्या बाईपुढे तुम्ही प्रभूची साक्ष देता."

"देत नाही."

पंचांमधली बाई माझ्याकडे वाकून कुजबुजली, "अहो, हो म्हणा ना. एका शब्दाचं काम. तुमच्या मालकांची जागा आहे तिथं."

ते मला तिने आठवण करून द्यायची गरज नव्हती. मी येताना दफनभूमीतूनच आले होते, त्याच्या दगडावरचा पाला झाडून.

पण विचार करा. म्हातारीला मला ढकलून तिथून उठून जाता येत नाही. तिचं उघडं अंग माझ्या हातात असतं. त्या वेळी तिच्या कानात काही घालायचं आणि त्याची नोंद करायची, हे मला जमणार नाही. आणि न घालता घातलं म्हणून लिहायचं तर ते खोटं. तिच्या मुलाला जे वाटत होतं तेच माझे पंच माझ्याकडून लिहून मागत होते.

"नाही," मी म्हणाले. "लिहायचंच तर लिहा, म्हातारीला आंघोळ घालायला गेली."

"ते कारण नियमात बसत नाही," अध्यक्ष म्हणाले. "पहिली आज्ञा पहिली का आहे, बाई? आधी देव, मग शेजारी."

"पहिलीच पाळायला निघाले होते. वाटेत शेजारीण घाणीत पडली होती. तिला ओलांडून देवाकडे जाता येत असेल तर तुम्ही जा. माझे गुडघे दुखतात, मला एवढी लांब टांग टाकता येत नाही."

पाळक खाली बघत होते. ते काही बोलतील असं वाटलं. बोलले नाहीत. नवीन आहेत, मुलं लहान आहेत, मी त्यांना दोष देत नाही. पण विसरलेही नाही.

पंधरा दिवसांनी कागद आला. नाव कमी केलं आहे, चुकीची कबुली लेखी दिल्यास पुन्हा विचार होईल. मुलगी रडली. "आई, बाबा एकटे राहतील गं."

"तो मेलाय. एकटा-दुकटा काही नसतं आता त्याला," मी म्हणाले. पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, हेही लिहिते.

म्हातारीच्या कानावर ते कुठून तरी गेलं. कूस बदलताना म्हणाली, "मग जा की तुज्या देवळात. मी काय बोलावलं व्हतं तुला?"

"नाही बोलावलं."

"मग?"

"मग काय? हात धर, कुशीवर हो."

कबुली मी दिलेली नाही. मला नवऱ्याच्या वरच्या जागेत जायचं होतं, अजूनही जायचं आहे. पण खोटं लिहून तिथं पोचले तर खाली तो पडला आहे, ज्याने आयुष्यभर खोट्याला शिव्या दिल्या. मुलीला सांगून ठेवलं आहे, मी गेले की एकदा पंचांना विचार. नाही म्हणाले तर गयावया करू नकोस. जिथे मिळेल तिथे पुर.

तोवर रविवारी सकाळी आठला मी म्हातारीकडे असते. पंचांपैकी कुणाला चौकशी करायची असेल तर त्यांनी तिथं यावं. चादर बदलायला दोन माणसं लागतात.