मामांच्या बोटीच्या चार काचा

समुद्र कधी डोळ्यांनी न पाहता घरी शिडाची बोट बाळगणारा माणूस अख्ख्या आंध्र प्रदेशात एकच होता, आणि तो नेमका माझ्या आईचा धाकटा भाऊ निघाला. आदिलाबादजवळच्या बोथ गावी आमच्या आळीत लोकांच्या अंगणात कापसाचे ढीग असत, मामांच्या अंगणात विटांवर टेकवलेली बोट. मामा धरणाच्या कॅम्प ऑफिसात कारकून होते. तिथल्या एका हौशी इंजिनीअरसाहेबांची ही जुनी फायबरची बोट; मध्ये तीन माणसं मान वाकवून बसतील एवढी खोली, खोलीला दोन्ही अंगांनी दोन-दोन खिडक्या. साहेबांची बदली झाली, बोट सामानाच्या ट्रकात मावेना, तेव्हा जाता जाता ते म्हणाले, "तुम्हीच ठेवा." दुसऱ्या कुणी हे बोलणं हसून सोडून दिलं असतं. मामा दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर घेऊन हजर.

मामांना कुठलीही वस्तू मोडीत निघालेली पाहवत नसे, आणि टेपावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. माप घ्यायचं ते वर्तमानपत्राच्या कागदावर. मामीच्या चपला आणायच्या तर तिच्या पावलाचा कागद, घागरीला झाकण करायचं तर घागरीच्या तोंडाचा कागद. माझ्यासाठी मुलगी पाहायला निघाले तेव्हा मला घरीच ठेवून माझ्या उंचीचा कागद चिकटवून घेऊन गेले. मुलीच्या बापाने तो भिंतीला लावला आणि "पोरगा येवडाच हाय का?" असं विचारलं. तरीही लग्न झालं, याचं श्रेय मामा शेवटपर्यंत कागदालाच देत. बोटीच्या खिडकीचा कागद घेऊन ते आदिलाबादला निघाले, तेव्हा तो चुरगळू नये म्हणून बसमध्ये शेजारच्या सीटवर उभा करून ठेवला होता. कंडक्टरने कागदाचं तिकीट मागितलं, आणि मामांनी ते काढलं.

या खिडक्यांचा एवढा ध्यास त्यांनी का घेतला, ते सांगायला हवं. मामीचं माहेर धरणात गेलं होतं. लग्नानंतर दोन वर्षांत गाव उठलं. तिची आई त्याआधीच तिथं वारलेली. तेव्हापासून त्या रस्त्याने बस गेली की मामी धरणाकडे पाठ करून बसे. तिला एकदा त्या पाण्यावर, माहेराच्या जागी नेऊन आणायचं, हे मामांनी मनात धरलं होतं. मामीची अट एकच. "मी उघड्यावर बसनार नाई. आत बसन. खिडकी पक्की बंद पायजे, पानी आत नको, अन् बाहीरचं साफ दिसलं पायजे." साहेबांच्या वेळच्या काचा तर इतक्या दुधाळ झाल्या होत्या की आतून भर दुपारी बाहेर धुकं दिसे, आणि शिंतोडा उडाला तरी गळत. त्यातून मामांच्या रिटायरमेंटला जेमतेम वर्ष उरलेलं. एकदा खुर्ची सुटल्यावर धरणात बोट घालायला कोण परवानगी देणार?

कामाला दोन माणसं लागत. बाहेरून स्क्रू आवळायला मामा, आतून नट धरायला मी. मी तहसिलीत फायली पुढे सरकवणारा माणूस; पाना आणि पकड या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे मला त्या बोटीत कळलं. पहिल्यांदा मामांनी घराच्या खिडकीची काच आणली. बोटीची भिंत किंचित फुगीर, काच सरळ. शेवटचा स्क्रू आवळताना टक्क झालं.

"भाचेबुवा, तुमी काई केलं का?" बाहेरून आवाज आला.

"मी तर नट धरून राह्यलो, मामा."

"मंग जास्तच धरला असन."

आदिलाबादच्या पाट्या बनवणाऱ्याने मग वाकणारं ॲक्रिलिक दिलं आणि बजावलं, "छेद जरा बडे रखना चाचा, धूप में फैलता." मामांना सैल भोक म्हणजे आळशी माणसाचं काम वाटे. भोकं त्यांनी स्क्रूच्या मापाची घट्ट पाडली, आणि घराचा स्लॅब गळला की आपण जे लावतो तेच, म्हणजे डांबर, काचांच्या कडेला भरलं. वैशाखात एका दुपारी चारी काचा स्क्रूपाशी तडकल्या आणि डांबर वितळून खाली ओघळलं. मामी दारात येऊन बोटीकडे बराच वेळ बघत राहिली. "इले काऊन रडवून राह्यले?" एवढंच म्हणाली. मामा त्या दिवशी जेवले नाहीत.

तिसऱ्या खेपेला भोकं मोठी, बसच्या काचेचं रबर, आणि हैदराबादहून मागवलेली चिकट पेस्ट. मग परीक्षा. मामी अंगणातल्या बोटीत बसली, खिडक्यांखाली तिने जवारीचं पीठ भुरभुरलं, आणि आम्ही बाहेरून घागरी ओतल्या. शेजारचे तेलुगू मास्तर छत्री घेऊन आले. "वान लेदु, पडव उंदि," म्हणाले. पाऊस नाही, बोट मात्र आहे, असं. आतून मामीचा आवाज आला, "पीठ कोरडं हाय. याच्याच भाकरी टाकते."

दिवाळीनंतर भरल्या धरणात बोट उतरली. शिडात वारा कसा भरायचा, हे मामा साहेबांचं पाहून शिकले होते. वळवायचं कसं, हे पाहायचं राहून गेलं होतं. एका मासे धरणाऱ्याने दोर लावून आम्हाला जागेवर नेलं. मामी आत, मी तिच्याजवळ. काच इतकी स्वच्छ की ती नाहीच असं वाटावं, आणि काचेपलीकडे नुसतं पाणी. मामीने काचेवर तळवा टेकवला. पदराआडून डबा काढला, त्यात दोन करंज्या होत्या. लेक माहेरी रिकाम्या हातानं जात नाही.

"खिडकी उघडा जराशी," ती म्हणाली.

साहेबांच्या बोटीची खिडकी उघडायची नसतेच. मामा बाहेरून म्हणाले, "बाहीर ये, मी हात धरतो." ती नको म्हणाली. "मंग दे माझ्यापाशी, मी टाकतो." "लेकीच्या हातचं हाय ते." वर्षभर राबून बसवलेली काच. मामांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. "भाचेबुवा, नट धरा," म्हणाले. बारा स्क्रू निघाले, काच निघाली, मामीने खांद्यापर्यंत हात बाहेर काढला आणि करंज्या हळूच सोडल्या.

ती काच मामांनी पुन्हा बसवली नाही. आता ते नाहीत. बोट अंगणात आहे, तीन काचांची. चौथी मापाच्या कागदात गुंडाळून कपाटावर. मागच्या खेपेला मी मामीला विचारलं, "बसवून देऊ का? पाऊस आत येत असन."

"तुमी तर आतून नट धरनारे," मामी म्हणाली. "बाहीरून आवळन कोन?"