सिंधुच्या गळ्यातली राजी

सिंधु ही माझ्या धाकट्या भावाची, अण्णारावाची, दुसरी बायको. तिच्यात खोट काढायला मी सहा वर्षं घालवली आणि हाती एकच लागली: ती राजीच्या जागी आली होती.

राजी म्हणजे राजश्री, अण्णारावाची पहिली. शाळेपासूनची माझी मैत्रीण, आणि ते लग्न मीच जुळवलेलं. मी नांदेडला सासरी असूनही महिन्यातून एकदा माहेरची, औशाची एसटी धरायची, ती काही भावासाठी नव्हे. राजी काविळीने गेली तेव्हा तिची समीक्षा चार वर्षांची होती. वर्ष उलटायच्या आत अण्णारावाने मुखेडकडची सिंधु करून आणली. घरात लहान पोर, आणि हा दिवसभर दुकानात शेतावरच्या पाण्याच्या मोटारींचं रिवाइंडिंग करत बसणार. दुसरं करणार तरी काय? मला सगळं समजत होतं. समजलं तरी पोटातलं जळणं थांबत नव्हतं.

आमच्यात एक रीत आहे. दुसरी बायको मेलेल्या पहिलीचा चांदीचा छोटा टाक, म्हणजे तिची उठावाची मूर्ती, गळ्यात घालते. नवी साडी नेसायची तर आधी त्या टाकाला दाखवायची, सणाला पहिला घास त्याला. आता कोण करतं हे? अण्णाराव म्हणालासुद्धा, "अक्का, राहू दे की. नव्या पोरीला कशाला?" मी ऐकलं नाही. राजीचे पैंजण घेऊन लातूरला सराफाकडे गेले, समोर बसून टाक घडवून घेतला आणि हळदीच्या अंगाने उभ्या असलेल्या सिंधुच्या गळ्यात माझ्या हाताने बांधला. तिने मुकाट मान खाली केली. चोवीस वर्षांची होती.

बाई कामाला वाघ निघाली. घरचं आटोपून दुपारी दुकानात जायची, बघता बघता मोटारीत तांब्याची तार भरायला शिकली. अण्णारावापेक्षा तिचा हात साफ, असं गिऱ्हाइकं तोंडावर म्हणायची. समीक्षाच्या दोन वेण्या अशा घालायची की संध्याकाळपर्यंत केस हलायचा नाही. समीक्षा तिला आई म्हणायला लागली ते पहिल्यांदा ऐकलं आणि मी उठून अंगणात गेले. राजीला ती मम्मी म्हणायची, म्हणजे शब्दही काही चोरलेला नव्हता. तरी मला घरात चोरी झाल्यासारखं वाटलं.

मग मी माझ्या परीने वसुली सुरू केली. नवी साडी दिसली की, "राजीला दाखवलीस का?" पुरण केलं की, "राजीचं मऊ असायचं." सिंधुला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा पोट टिकलं नाही. दुसऱ्या वेळी मी फोनवर म्हणाले, "राजीला पहिल्याच वर्षी समीक्षा झाली होती बघ." वाचणाऱ्याने मला काय म्हणायचं ते खुशाल म्हणावं, मी म्हणून घेतलंय.

गेल्या दिवाळीपासून सिंधु बोलेनाशी झाली. दुकानात जाणं बंद, भाकरी अर्धी टाकून उठायची. मला वाटलं, मिजास आली.

येळवसेला, म्हणजे आमच्या लातूरकडच्या वेळ अमावस्येला, सगळं गाव शेतात जेवायला जातं. आमच्या दीड एकरातही कडब्याची कोपी उभी केली होती, दहा-बारा पाहुणे जमले होते. सिंधुने आदल्या दिवसापासून खपून सगळ्या भाज्या-दाण्यांची एकत्र भज्जी आणि आंबील केली होती. पाहुणे भज्जीवर तुटून पडले होते. ते मला बघवलं नाही. मी मोठ्याने म्हणाले, "चांगलीय, पण राजीच्या हाताची सर न्हाई." दोघं-तिघं हसले. सिंधुही हसली.

जेवणं झाल्यावर पाहुणे शेत बघायला पांगले. कोपीत आम्ही दोघीच. ती भांडी गोळा करता करता थांबली.

"अक्का, एक काम सांगू का?"

"सांग की."

"लातूरच्या त्या सोनाराकडं आणखी एक टाक सांगून ठेवा. माझा."

दुकानातून साखर आणायला सांगावी तशी ती बोलली. चिडून बोलली असती तर मीही चार शब्द सुनावले असते. तिचा आवाज इतका सपाट होता की मी तिच्यासमोर जाऊन बसले. आडून विचारायचं मला जमत नाही.

"सिंधु, मरायचं येऊन राहिलं का मनात?"

"हाव." तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं. "दिवाळीपासून. रोज येतंय. मेलेल्या बाईला समदे चांगलं म्हणत्यात, अक्का. जित्या बाईला कोण म्हणतंय? मला राजश्रीताईंचा लई हेवा वाटतो. त्यांची भज्जी कधी खारट व्हत न्हाई, त्यांचं पोट कधी पडत न्हाई."

मी तिच्या पुढ्यातलं पातेलं बाजूला सारलं.

"मग समीक्षा आठवते," ती म्हणाली. "तिची एक आई गेली. दुसरी बी गेली तर लोक कुणाला बोल लावतील? पोरीलाच. ह्या पोरीला आई लाभत न्हाई म्हणतील. उद्या तिच्या सोयरिकीला गेलात तर तिथं बी तेच. ती रातभर माझा पदर मुठीत धरून झोपती, अकरा वर्षांची झाली तरी. तिला कोण सांगणार, आन काय सांगणार? ह्यांची बी काळजी वाटती, दुकान उघडायचे न्हाईत." ती पुढे म्हणाली, "आन मग तिसरी येईल. तिचा तर मला आत्ताच राग येतो. ती समीक्षाच्या वेण्या घालंल, ढिल्या घालंल. तिच्या गळ्यात आम्ही दोघी लोंबणार, तिथं बी तुम्ही पहिला घास राजश्रीताईंनाच द्याल."

हसावं की रडावं हे मला कळेना. मी तिचा हात धरला. सहा वर्षांत पहिल्यांदा.

त्या दिवशी मी नांदेडला गेले नाही, तिला एकटीलाही सोडलं नाही. अण्णारावाला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तो आधी उखडला. "येडी का काय ती? काय कमी हाय घरात?" मी म्हणाले, "कमी मी केलंय. तू आता फक्त तिच्याजवळ बस." तो गेला आणि बसला. अंधार पडेपर्यंत उठला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं लातूरला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे निघालो. एसटीत मी सिंधुला म्हणाले, "तो टाक काढून दे माझ्याकडं. माझी चूक झाली." तिने टाकावर हात ठेवला. "राहू द्या. सहा वर्षं समदं राजश्रीताईंपाशीच बोलले. दुसरं कोण ऐकत होतं?"

मला राजीचा इतका हेवा आयुष्यात कधी वाटला नव्हता. मेल्यावरही तिने माझ्या भावजयीला सांभाळलं होतं, आणि मी जिवंत असून काय केलं होतं ते मला माहीत होतं.

डॉक्टरीणबाईंनी तासभर ऐकून घेतलं. हा आजार आहे, बरा होतो, पण औषध मधेच सोडायचं नाही आणि दर पंधरा दिवसांनी यायचं, असं बजावलं. मग एक कागद पुढे ओढून त्या सिंधुला म्हणाल्या, "पुन्हा तो विचार आला तर वेळकाळ न बघता ज्यांना फोन कराल, त्यांचा नंबर सांगा. पहिला नंबर." अण्णारावाने आपला सांगायला तोंड उघडलं. सिंधुने बराच वेळ विचार केला आणि नंबर म्हणून दाखवला, तोंडपाठ. नंबर माझा होता.

बाहेर आल्यावर मला राहवलं नाही. "इतकं छळलं मी तुला. माझा का गं दिलास?"

ती चप्पल पायात सरकवत म्हणाली, "राजश्रीताईंना जाऊन सात वर्षं झाली, तुम्ही त्यांना सोडलं न्हाई. एकदा माझ्या झालात तर मला बी सोडणार न्हाईत."

तिने हे कौतुकाने म्हटलं की टोमणा मारला, ते मी अजून विचारलेलं नाही. तिचा फोन येतो तेव्हा मी हातातलं टाकून धावते, आणि ती बहुतेक वेळा म्हणते, "काही न्हाई अक्का, उचलताय का ते बघितलं."