सरांचा गंधार

दशरथ मास्तर गेल्याचं मला मंडईत कळलं. मखमलाबादहून गुलाब-शेवंती घेऊन येणाऱ्या बाईंनी पुडी बांधता बांधता सांगितलं, "आमचे बँडवाले मास्तर गेले ना सर, मंगळवारी. तुमचं नाव लय घ्यायचे." मी "अरेरे" म्हटलं, फुलं घेतली आणि निघालो. स्कूटरपाशी आल्यावर लक्षात आलं, की वाईट वाटायच्या आधी मला हायसं वाटलं होतं. त्यांना जे सांगायचं राहिलं होतं ते आता सांगावं लागणार नव्हतं... आपण इतके कोते आहोत, हे या वयात कळावं याची लाज वाटते. म्हणून दीड महिना उलटल्यावर का होईना, हे लिहायला बसलो आहे.

मास्तर फुलं पिकवणाऱ्या घरातले. लग्नसराईत बँड आणि एरवी शेत, असा त्यांचा क्रम. तरुणपणी शरणपूर रोडवरच्या एका म्हाताऱ्या बँडवाल्याकडे ते क्लॅरोनेट शिकले. तो गृहस्थ उमेदीत मुंबईच्या हॉटेलांत जाझ वाजवून आलेला. तो नाद मास्तरांना लागला आणि सुटला नाही. पावसाळ्यात लग्नं नसली, की आपल्या अकरा जणांना घेऊन ते स्वतःच्या रचना बसवत. नव्वदच्या दशकात त्यांनी हिंमत करून शहरातलं एक सभागृह घेतलं आणि पत्रकं छापायला टाकली. छापखान्यातल्या शहाण्याला 'जाझ' हा शब्द चुकलेला वाटला. त्याने आपण होऊन दुरुस्ती केली, आणि गावभर पत्रकं लागली ती 'दशरथ मास्तर यांचा झांज बँड' अशी. झांजपथक बघायला म्हणून जमलेली निम्मी मंडळी मध्यंतरात उठून गेली. मास्तरांना त्याचं काही नव्हतं. "आली तर खरी," एवढंच म्हणाले.

मी तेव्हा महाविद्यालयात मराठी शिकवायचो आणि इथल्या एका दैनिकात संगीत समीक्षा लिहायचो. चार वर्षं गाणं शिकलेला माणूस गाण्यावर जितक्या ठामपणे लिहितो, तितकं जन्मभर गाणाराही लिहीत नाही. त्या संध्याकाळी मास्तरांनी 'बारं' नावाची रचना वाजवली. बारं म्हणजे पिकाला पाणी द्यायची पाळी. एक वाफा भरला, की बांध फोडून पाणी पुढच्या वाफ्यात सोडायचं. तसंच त्यांनी सुरांचं केलं होतं. क्लॅरोनेटने सूर घ्यायचा, मनासारखा भरायचा आणि ट्रम्पेटकडे वळवायचा. मला ते आवडलं होतं, हे आज कबूल करतो. पण क्लॅरोनेटवर त्यांचा गंधार, सारेगमधला 'ग', कोमलही लागत नव्हता आणि शुद्धही नाही. मधेच कुठेतरी लोंबकळत राहायचा. मला चूक सापडली आणि चूक सापडल्याचा आनंद झाला. मी लिहिलं, 'मास्तरांचा बँड लग्नाळू असला, तरी त्यांचा गंधार अजून ठरायचा आहे.'

वाक्य गाजलं. लोक भेटून टाळी देऊ लागले. वरातीत दुसरे बँडवाले मास्तरांना विचारू लागले, "काय मास्तर, ठरला का गंधार? मुलगी कुठली?" पुढचा कार्यक्रम ठरवायला गेले, तर सभागृहवाल्यांनीही तेच वाक्य ऐकवलं. माझ्या घरी माझी कात्रणांची वही आहे. तीत त्याच लेखाच्या शेजारी मी दुसऱ्या एका मैफलीबद्दल लिहिलेलं चिकटवलेलं आहे. त्यात दरबारी रागातल्या झुलणाऱ्या गंधाराचं कोण कौतुक केलं आहे... गवयाने झुलवला तर ती तपश्चर्या, आणि लाल कोटातल्या बँडवाल्याने झुलवला तर बेसूर.

महिन्याभराने मास्तर माझ्या दारात उभे. भांडायला आले असावेत म्हणून मी त्यांना बसाही म्हटलं नाही. त्यांच्या हातात फुलांची परडी आणि सुरावटींच्या कागदांची गुंडाळी होती, काखेत क्लॅरोनेट. म्हणाले, "सर, तुम्ही लय बारीक ऐकलं. आमच्यात एवढं कोन ऐकतं? गंधार ठरवून टाकला बघा. समद्यांच्या कागदावर शुद्ध करून घेतला." आणि तिथेच, दिवाणखान्यात उभ्याने, त्यांनी क्लॅरोनेटवर दुरुस्त केलेलं 'बारं' वाजवून दाखवलं. सूर स्वच्छ होते. काहीतरी गेलं होतं, ते मला तेव्हाच जाणवलं. पण काय ते कळेना, आणि कळत नाही असं म्हणायची मला सवय नव्हती. मी म्हटलं, "आता कसं, बरोबर झालं." ते वाकून पाया पडले.

तीन-चार वर्षांनी भाचा परदेशातून जाझच्या सीडी घेऊन आला. पहिल्याच सीडीत तो गंधार निघाला. मधला. जाणूनबुजून लावलेला. भाचा सांगत होता, या संगीताचा जीवच तिथे आहे मामा. मी चहा करायच्या निमित्ताने आत गेलो. त्याच आठवड्यात मखमलाबादला जायला हवं होतं, त्याच दैनिकात चार ओळींची दुरुस्ती द्यायला हवी होती. दोन्ही केलं नाही. चूक मोठी म्हणून नव्हे, माझं सगळ्यांत गाजलेलं वाक्य तेवढं एकच होतं म्हणून. पुढे गंगापूर रोडच्या लॉन्सवरच्या लग्नांत मास्तर दिसायचे. वरात थांबवून नमस्कार करायचे. "गुरुवारी तालमीला या की सर," म्हणायचे. मी "येतो" म्हणायचो. आठ वर्षं येतो म्हणत होतो.

शेवटी गेलो तो ते गेल्यावर. शेताच्या कडेला तालमीची पत्र्याची खोली, खुंट्यांना लाल कोट, मास्तरांच्या खुर्चीवर कुणी बसलेलं नाही. साइड ड्रम वाजवणारे पुंजाबाबा पहिल्यापासूनचे, बाकी सगळे तिशीतले. मी बसलो तसे पुंजाबाबा त्यांना म्हणाले, "सर आलेत. 'बारं' घ्या. नीट, सरांचा गंधार लावून."

मी विचारलं, हे काय?

"तुम्ही ठरवून दिला तो. मास्तर त्याला सरांचा गंधारच म्हनायचे. नवा मानूस आला की आधी तोच शिकवायचे."

त्यांनी वाजवलं. एकही सूर हलला नाही. संपल्यावर मी उभा राहिलो आणि जे मास्तरांना सांगायचं होतं ते या लोकांना सांगितलं. माझं चुकलं होतं. मास्तरांचा होता तोच खरा होता. तो वाजवा.

क्लॅरोनेटवाल्याने ट्रम्पेटवाल्याकडे पाहिलं. पुंजाबाबांनी काड्या मांडीवर ठेवल्या.

"तो आता कोनाला येतो सर? जुने वाजवनारे गेले. कागदावर तुमचाच हाय. अन् मास्तरांनी तुमच्या घरून आल्यापासून तो परत कधी लावला नाय." मग अगदी साधेपणाने ते म्हणाले, "तुम्ही ऐकलावता ना तवा? तुम्हीच दाखवा पोरांना, कसा होता."

सगळे माझ्याकडे बघत होते. क्लॅरोनेटवाल्याने वाद्य ओठांना लावून तयारी ठेवली. मी सा लावला, रे लावला... आणि पुढे मला काही येईना.