अल्बमवाले डॉक्टर

गंगापूर रोडवरचे अल्बमवाले डॉक्टर मेंदूच्या एमआरआयची फिल्म हातात घेण्याआधी घरचे फोटो मागत. फिल्म वाचून दुखणं ओळखणं हा त्यांचा व्यवसाय. पण आधी लग्न, बारसं, वास्तुशांत, जे असेल ते दाखवायचं. नवखा माणूस चक्रावून जाई. मी तर ते कुणासाठी स्थळ बघताहेत असंच समजलो होतो.

सटाण्याला दिलेली माझी धाकटी बहीण सुमन, तिला एकाएकी सगळं दोन-दोन दिसायला लागलं. एक डोळा नाकाकडे वळला. आधीच्या रिपोर्टात मेंदूच्या देठात गाठीचा संशय लिहिला होता. दाजी कांद्याचे व्यापारी. भर लिलावात ज्यांचा घसा कधी बसला नाही, ते त्या दिवशी नुसते पुटपुटले.

"डॉक्टर, गाठच शे का?" गाठच आहे का, एवढंच त्यांनी विचारलं.

"द्राक्षाच्या घडाला देठ असतो ना, तसाच हा," डॉक्टर म्हणाले. "सगळा भार त्याच्यावर. तिथला तुकडा काढून तपासणं धोक्याचं, म्हणून आधी नीट बघायचं. गाठ आणि सूज, फिल्मवर दोघी सारख्याच पांढऱ्या दिसतात. पण गाठ बहुतेकदा हळूहळू बिऱ्हाड मांडते, सूज अचानक येते. फोटो द्या."

मी मोबाइल पुढे केला. दर फोटोत मधोमध मीच. बरेच फोटो सरकवून झाल्यावर ते शांतपणे म्हणाले, "तुमची तब्येत कळली. आता बहीण दाखवा."

शेवटी पुतणीच्या साखरपुड्यातला एक सापडला, अगदी अलीकडचा. सुमन माझ्या खांद्याआडून डोकावत होती. दोन्ही डोळे सरळ. डॉक्टर तो मोठा करून बघत राहिले. मग फिल्म लावली.

"गाठ नाही असं मी म्हणत नाही. गाठ म्हणायची घाई नको, असं म्हणतो."

मेंदूच्या डॉक्टरांना त्यांनी स्वतः फोन केला. पाठीतलं पाणी तपासलं, सुजेवरची औषधं सुरू झाली. पुढच्या एमआरआयपर्यंत दाजींनी दाढी केली नाही. त्या फिल्मवर डाग बराच आक्रसला होता. दाजी रडले. डॉक्टर फक्त म्हणाले, "अजून एकदा बघू."

गेल्या वर्षी डॉक्टर गेले. त्यांच्या पत्नीला, काकूंना, भेटायला गेलो तेव्हा कळलं, त्यांच्याच मेंदूच्या देठात गाठ होती. खरीच. हार घातलेला फोटो फार जुना होता, केस काळेभोर. सुमन नमस्कार करायचं विसरून त्यांच्या डोळ्यांकडे बघत उभी राहिली.

"अलीकडचा नव्हता का, काकू?" मी विचारलं. असले प्रश्न आमच्या घरात मीच विचारतो.

"दोन्ही डोळे सरळ असलेला हवा होता," काकू म्हणाल्या. "शोधत शोधत फार मागं जावं लागलं."