वॉर्टहॉगची रांगोळी

अमेरिकेत माझी ओळख एका शब्दात संपायची: डिपेंडंट, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाच्या आधाराने आलेली बायको. नवरा अर्विंग शहरात सॉफ्टवेअरच्या नोकरीत, आणि मी, नागपूरहून प्राणिशास्त्रात एमएस्सी केलेली बाई, घरी पोळ्या लाटतेय. त्या व्हिसावर पगार घेऊन काम करायची सोय नव्हती. बँकेत, दवाखान्यात कुणी तो शब्द उच्चारला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

म्हणून तासाभराच्या अंतरावरच्या एका छोट्या प्राणिपार्कला व्हॉलंटियर हवेत असं कळल्यावर मी दुसऱ्याच दिवशी तिथे हजर. बिनपगारी तर बिनपगारी! अट एकच होती. एका पिंजऱ्यासमोर उभं राहून पाहुण्यांना दहा मिनिटं माहिती सांगायची आणि ती त्यांना समजली पाहिजे. परीक्षा घेणार होत्या तिथल्या प्रमुख बाई, सत्तरीच्या, निवृत्त शिक्षिका. सिंह, जिराफ आधीच वाटून झाले होते. माझ्या वाट्याला वॉर्टहॉग आला, गालांवर चामखिळींचे गठ्ठे आणि तोंडातून वळलेले सुळे असलेलं आफ्रिकेतलं रानडुक्कर.

मला तो पहिल्याच नजरेत आवडला. आवडली नाही ती त्याच्यापुढची पाटी. तिच्यावर आफ्रिकेचा नकाशा होता आणि सगळाच्या सगळा खंड तपकिरी रंगवलेला. म्हणजे सहाराच्या वाळूतही वॉर्टहॉग आणि काँगोच्या घनदाट जंगलातही वॉर्टहॉग! मी बाईंना म्हटलं, हे चूक आहे. शिवाय वॉर्टहॉगच्या जाती दोन आहेत, पाटीवर एकच आहे.

पाटी बाईंनी स्वतः रंगवली होती. त्या गोड हसल्या आणि म्हणाल्या, "लोक इथे आइस्क्रीम खात फिरायला येतात. दोन जाती, तीन प्रदेश, त्यात तुझे उच्चार. कुणाला काही कळायचं नाही. पाटीवर आहे तेवढंच सांग."

घरी येऊन मी भांडी आपटली. नवरा म्हणाला, "अगं यार, ॲडजस्ट कर ना. पाटीवरचं बोल, सिलेक्ट हो, मग काय ते बदल." सासूबाई सहा महिन्यांसाठी नागपूरहून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सातासमुद्रापार येऊन डुकरं दाखवणार? मी कॉलनीत काय सांगू?"

"सांगा, सून खोटं बोलत नाही म्हणून," मी फणकारले आणि बाल्कनीत जाऊन बसले. तिथे सासूबाईंनी आणलेल्या रांगोळीचे पुडे होते. दिवाळीसाठी जपून ठेवलेले. त्यांच्याकडे बघता बघता माझ्या डोक्यात ट्यूब पेटली.

शनिवारी, परीक्षेच्या दिवशी, सासूबाईही आमच्याबरोबर आल्या. घरी एकट्या बसून करणार काय? मी पुडे पर्समधून काढले तशा त्या किंचाळल्या, "अगं बाई, माझी रांगोळी! डुकरांपुढे?"

मी पदर नव्हता तर ओढणी खोचली आणि वॉर्टहॉगच्या कुंपणासमोर, काँक्रीटच्या वाटेवर बसकण मारली. पांढऱ्या रेघेत आफ्रिका काढली. वर, सहाराच्या जागी, शेजारची वाळू भुरभुरवली. मधे, काँगोच्या जागी, ओंजळभर पानं पसरली. माणसं थांबू लागली. आइस्क्रीमवाली पोरं तर उकिडवीच बसली.

मग मी हिरवा रंग हातात घेतला आणि इंग्लिशमध्ये बोलायला लागले. सहाराच्या खालून, सेनेगलपासून इथिओपियापर्यंत आणि तिथून खाली दक्षिण आफ्रिकेपर्यंत, जिथे जिथे मोकळं गवत आणि विरळ झाडं आहेत तिथे हा साधा वॉर्टहॉग. वाळूत नाही, कारण चरायला गवत नाही. दाट जंगलात नाही, कारण तिथेही त्याच्या मतलबाचं गवत नाही. मग उजवीकडच्या टोकाला केशरी चिमूट सोडली. सोमालिया, इथिओपियाचा पूर्व भाग, केनियाचा उत्तर-पूर्व भाग. हा दुसऱ्या जातीचा, रखरखीत झुडपी मुलखात राहणारा. याच्या कानांची टोकं मागे वळलेली असतात.

"आमचा कोणता मग?" मागून बाईंचाच आवाज आला.

"कान बघा. सरळ आहेत. हिरव्यातला!"

आणि देवासारखा तो वॉर्टहॉग त्याच क्षणी पुढचे गुडघे टेकून गवत खायला लागला. "बघा, असा चरतो तो! म्हणून त्याला आखूड गवताचं रान लागतं," मी ओरडलेच. टाळ्या पडल्या. बाई मात्र हाताची घडी घालून नकाशा न्याहाळत होत्या.

तेवढ्यात सासूबाई पुढे झाल्या. रांगोळीला कुंकू लावल्याशिवाय त्या उठू देत नाहीत कुणाला. पर्समधली डबी उघडून त्यांनी चिमूट घेतली, हात सवयीने नकाशाच्या मध्यावर नेला आणि थबकल्या. "छे, इथे नाही. हे दाट रान आहे, इथे ती नसतात," स्वतःशीच म्हणाल्या. वर वाळू होती, तीही त्यांनी टाळली. मग हिरव्यात एक बोट टेकवलं आणि विचार करून केशरीतही एक. "दोघं आहेत ना. एकाला लावून दुसऱ्याला कसं वगळायचं?"

बाईंनी मला विचारलं, त्या काय म्हणाल्या? मी सांगितलं.

"त्यांना इंग्लिश छान समजतं तर."

"एक अक्षर नाही," मी म्हटलं.

बाईंनी वाकून कुंकवाची दोन्ही बोटं नीट पाहिली. मग खो खो हसल्या, रांगोळीवर पाय द्यायला निघालेल्या एका माणसाला दंडाला धरून बाजूला केलं आणि खिशातून बिल्ला काढून माझ्या हातात ठेवला. म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी ये. आणि रंग घेऊन ये, पाटी आपण दोघी मिळून रंगवू."

जिंकले! मला तिथेच फुगडी घालावीशी वाटत होती.

गाडीत सासूबाईंनी माझा बिल्ला हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "काय लिहिलंय गं?"

"माझं नाव. खाली व्हॉलंटियर."

"ते डिपेंडंट की काय, ते कुठे नाही ना लिहिलेलं?"

मला वाटायचं, त्यांना तो शब्द माहीतच नाही. मी नाही म्हणून मान हलवली.

"मग लाव," त्या म्हणाल्या आणि स्वतःच्या हाताने त्यांनी तो माझ्या कुर्त्यावर टोचला.